अर्धी मेंढी

इन्व्हरकार्गिलच्या दवाखान्यात
टामाटी पालथा पडला, पोटाखाली उशी.
डॉक्टर गॅलब्रेथ बाईंनी कमरेवर काहीतरी गारढोण पुसलं
आणि तो गप्प झाला.
चाळीस वर्षं मेंढ्या त्याच्या गुडघ्यांत अशाच गप्प व्हायच्या.
पाय जमिनीवरून सुटले
की मेंढी भांडण सोडते.

मी काचेपलीकडे. पडद्यावर त्याचा कणा, करडा,
घाईत रचलेल्या कुंपणासारखा.
पोहातु म्हणजे दगड.
हे आडनाव मी लग्नात घेतलं तेव्हा कुणी बोललं नाही
की दगडालाही सांधे असतात
आणि ते झिजतात.

बाई म्हणाल्या, हा उपचार नाही, ही नुसती चाचणी.
सांध्याची कागाळी वर पोचवणारी एक बारीक नस असते,
तिला आज झोपवू. फार तर सहा तास.
तेवढ्यात दुखणं थांबलं तर चोर सापडला.
मग एक कागद दिला:
दर तासाला आकडा लिहा, शून्य ते दहा,
आणि एरवी जे केल्यावर दुखतं
तेच आज मुद्दाम करून बघा.

हे सांगताना
त्यांनी एकदा माझ्याकडे बघायला हवं होतं.

गाडी मी चालवली. रिव्हर्टनच्या पुढे
डावीकडे समुद्र लागला तेव्हा तो म्हणाला,
नायरी, शून्य.
असं म्हणाला, जणू शून्य हे एक गाव आहे
आणि लहानपणी आम्ही तिथे राहायचो.

अकरा वर्षं त्या दुखण्यानं त्याची पाठ सोडली नव्हती.
मला तर ते पाठच झालेलं:
उठताना श्वास कुठे अडकतो,
नाड्या कुणी बांधायच्या,
पडलेला चमचा पायानं माझ्याकडे कसा सरकवायचा
आणि कुणी विचारलं तर, बरंय.

घरी त्यानं स्वतःचे बूट स्वतः काढले.
पुन्हा घातले. पुन्हा काढले, मला दाखवायला.
मी चहा टाकला, वळून बघते
तर मागचं दार सताड
आणि शेडमध्ये मशीनची घरघर.

डॉटी. आमची एकुलती एक,
बाटलीवर वाढवलेली, लोकर पार डोळ्यांवर आलेली.
तो तिच्यावर वाकला होता,
कमरेतून, पूर्ण,
चोविसाव्या वर्षी वाकायचा तसा.
तेव्हा मी त्याच शेडमध्ये लोकर गोळा करायला होते
आणि त्याचं वाकणं बघत
झाडायचं विसरायचे.
पोट झालं, डावी मांडी, डावा खांदा,
लोकर उलगडत गेली, आतून सायीसारखी.

मी ओरडणार होते.
झाडू घेतला.

पाठीचा लांब पट्टा संपता संपता मशीन थांबलं.
तो सरळ व्हायला गेला
आणि मधेच राहिला.
किती?
चार. थांब. सहा लिही.
आणि हसत होता, येडा.
म्हणजे चोर तोच ना गं? बाई खूश होतील.

अजून एक चाचणी, मग तापल्या सुईनं ती नस जाळतील.
वर्षभर आराम, कुणाला जास्त, कुणाला कमी.
मग नस परत वाढते.
बाईंनी हे जरा चाचरतच सांगितलं होतं.
त्यावर टामाटी पालथ्या पालथ्याच म्हणाला होता,
बाई, माझं पोट त्यावरच भरलंय.
कातरायचं. वाढलं, की परत कातरायचं.

अंधार पडता पडता उरलेली बाजू मी केली,
वाकडीतिकडी.
तो लोकरीच्या गठ्ठ्यावर उशी घेऊन बसलेला,
हात तसा नको, कातडी ताण, अगं ताण,
डॉटीपेक्षा जास्त तोच बेंबलत होता.

आत येऊन कागद भरायला घेतला.
सहाव्या तासापुढे चौकोन रिकामा होता.
आकडा सुचेना.
लिहिलं: अर्धी मेंढी.